वाढवलेली उंची, हरवलेला कॅस्टर: पुण्यातल्या एका जिमनीचं प्रकरण

गाडी आणि तिचा वापर

गाडी मारुती सुझुकीची पाच दारांची जिमनी, मॅन्युअल गिअरची. मालक कोथरूडला राहतात. आठवड्यातले पाच दिवस चांदणी चौकातून बाह्यवळण महामार्गाने हिंजवडीला जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर होतात. महिन्यातून दोनदा वेल्ह्याच्या पलीकडे वडिलोपार्जित भातखाचरांवर फेरी असते. तिथे डांबर संपल्यावर अडीच किलोमीटर कच्चा रस्ता आहे. जूनपासून दसऱ्यापर्यंत तो चिखलाचाच असतो. गाडी मालकांची पत्नीही चालवते आणि सत्तरी ओलांडलेली आई शेताच्या जवळपास प्रत्येक फेरीला बरोबर असते.

हे तपशील सुरुवातीलाच मांडले, कारण पुढचे सगळे चुकीचे आणि बरोबर निर्णय यांच्यापाशीच येऊन थांबतात. महिन्याला हजारभर किलोमीटर डांबर आणि दहा किलोमीटर चिखल, हे या गाडीचं खरं प्रमाण.

कंपनीतून आलेली जिमनी अशी: पुढचा-मागचा दोन्ही ॲक्सल अखंड (डावं-उजवं चाक एकाच आडव्या दांड्यावर), चारही कोपऱ्यांत कॉइल स्प्रिंग, टायर १९५/८० आर १५, रिम साडेपाच इंच रुंद, ग्राउंड क्लिअरन्स २१० मिमी, वजन सुमारे १२०० किलो. पाच दारांमुळे व्हीलबेस २५९० मिमी झाला आहे, त्यामुळे उंचवटा ओलांडताना पोट टेकण्याचा कोन २४ अंशच उरतो. ही गाडी चढताना किंवा उतरताना फारशी अडत नाही. अडली तर पोटावर अडते.

पहिला बदल

एका पावसाळ्यात गाडी खाचराच्या वाटेवर दोनदा रुतली आणि खालून दगडाचे आवाज आले. मालकांनी निष्कर्ष काढला की उंची कमी पडते. एका वर्कशॉपमध्ये एकाच दिवसात तीन बदल झाले: ‘५० मिमी’ म्हणून विकला जाणारा स्प्रिंग-शॉकअब्सॉर्बरचा संच, २३५/७५ आर १५ मापाचे चार मड टायर, आणि सात इंच रुंद, उणे १० ऑफसेटच्या (रिमच्या मध्यरेषेपासून तिच्या बसण्याच्या जागेचं अंतर, मिमीत) रिमा. खर्च पावणेदोन लाखांच्या घरात गेला. स्टेपनी मूळचीच ठेवली.

रिम बदलणं वर्कशॉपच्या दृष्टीने भागच होतं, कारण २३५ चा टायर साडेपाच इंची रिमवर बसवायचा नसतो. त्याला किमान सहा इंच लागतात. पण सहाऐवजी सात इंच घेतली आणि ऑफसेट अधिक ५ वरून उणे १० वर नेला. रिमची बाहेरची कडा त्यामुळे ३४ मिमी बाहेर आली आणि चाकाची मध्यरेषा १५ मिमी. दिसायला गाडी रुंद, दणकट दिसते. पण स्टिअरिंगच्या दृष्टीने चाक किंगपिनच्या (ज्याभोवती ते वळतं त्या खिळीच्या) रेघेपासून तेवढं लांब जातं आणि प्रत्येक खड्डा लांब दांड्याने स्टिअरिंगला झटका देतो.

काय बिघडलं

दुसऱ्याच आठवड्यात, वाकडच्या अलीकडे मुळेवरच्या पुलाचा सांधा ताशी ७५ च्या वेगाने ओलांडताना स्टिअरिंग डावी-उजवीकडे जोरात थरथरायला लागलं. वेग ५० च्या खाली आल्यावरच ते थांबलं. गाडी तेव्हा पत्नी चालवत होत्या आणि मधल्या लेनमध्ये होत्या. त्यानंतर महिनाभर त्यांनी गाडीला हात लावला नाही.

दोन ठिकाणी मिळून तीनदा व्हील अलाइनमेंट झालं. प्रत्येक वेळी उत्तर एकच, ‘टो बरोबर आहे’ (टो म्हणजे वरून बघताना चाकांचं आत-बाहेर वळलेलं असणं). ते खरंही होतं. अखंड ॲक्सलच्या गाडीत अलाइनमेंटवाल्याला टोच फिरवता येतो. कॅमर (चाकाचा उभ्यात आत-बाहेर कल) आणि कॅस्टर (चाक ज्या रेषेभोवती वळतं तिचा मागचा झुकाव) ॲक्सलच्या बांधणीतच ठरलेले असतात. मशिनच्या कागदावर कॅस्टरचा आकडा छापलेला होता, तो कुणी वाचला नाही. मग जिमनीत मुळातच असलेला स्टिअरिंग डॅम्पर काढून जास्त कडक डॅम्पर बसवला. थरथर तीन आठवडे दबली आणि परत आली. डॅम्पर थरथर गिळतो, पण तिचं कारण जागच्या जागी राहतं आणि तोवर बुश, बॉल जॉइंट, किंगपिन बेअरिंग मार खात राहतात.

बाकीच्या तक्रारी अशा. पूर्ण वळवलं की टायर पुढच्या बंपरच्या कोपऱ्याला आणि आत रेडियस आर्मला (पुढचा ॲक्सल चासिसला जोडणाऱ्या दांड्याला) घासायचा. पाचवा गिअर घाटात जवळजवळ निरुपयोगी झाला. ब्रेक पूर्वीपेक्षा जोरात दाबावा लागायचा. मायलेज चौदावरून साडेअकरावर आलं. आईंना चढण्यासाठी गाडीत प्लॅस्टिकचं स्टूल ठेवावं लागत होतं.

सगळ्यात धोक्याचा प्रसंग मात्र स्टेपनीने घडवला. नसरापूर ओलांडल्यावर मागचं चाक पंक्चर झालं आणि मूळची स्टेपनी लावली. २३५/७५ चा व्यास ७३३ मिमी, १९५/८० चा ६९३. म्हणजे एकाच ॲक्सलवर दोन चाकांत जवळजवळ सहा टक्क्यांचा फरक. टू-व्हीलमध्ये हा फरक डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरपेटी) सोसतं, गरम होत होत. पण वाडीतल्या सिमेंटच्या रस्त्यावर गाडी फोर-एचमध्येच (चारही चाकांना ताकद देणाऱ्या स्थितीत) राहिली. जिमनीला मधलं डिफरन्शियल नाही, त्यामुळे पुढच्या-मागच्या शाफ्टमधला पीळ सुटायला वाव मिळाला नाही आणि लिव्हर टू-एचला येईना. मागे-पुढे दहा-पंधरा फूट गाडी हलवल्यावर पीळ सुटला. जोर लावून लिव्हर ओढला असता तर ट्रान्सफर केसचं (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीचं) काम निघालं असतं.

मोजमाप

भोसरीच्या दुसऱ्या वर्कशॉपमधल्या वयस्क मिस्त्रींनी गाडी लिफ्टवर घेतली आणि पाना हातात घेण्याआधी म्हणाले, “दादा, आधी खालचे ओरखडे बघू, मग बोलू.” या प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं काम पुढच्या तीन तासांत झालं आणि त्यात एकही नट सुटला नव्हता.

ओरखडे मागच्या ट्रेलिंग आर्मच्या (मागचा ॲक्सल धरणाऱ्या दांड्याच्या) ब्रॅकेटवर आणि ट्रान्सफर केसखालच्या पत्र्यावर होते. डिफरन्शियलच्या गोळ्यावर एकच, तोही पुसट. अखंड ॲक्सलच्या गाडीत स्प्रिंगची उंची वाढवली की पोट वर जातं, पण डिफरन्शियल जिथल्या तिथेच राहतं. ते फक्त टायरने वर येतं, आणि तेही व्यासातल्या वाढीच्या निम्म्याने. २३५/७५ ने ते २० मिमी वर आलं होतं. ज्या जागी अडचणच नव्हती तिथे या २० मिमीसाठी गिअरिंग, ब्रेक, रिम आणि स्टिअरिंग सगळं पणाला लागलं होतं.

रुतण्याचं कारण तर उंचीत नव्हतंच. मूळचे टायर हायवे नक्षीचे. खाचराची चिकण माती त्यांच्या अरुंद खाचांत भरते आणि चाकाच्या दोन फेऱ्यांत टायर गुळगुळीत होतो. त्यात हवा डांबरावरची, पूर्ण भरलेली. मालकांनी चिखलात शिरताना हवा कधीच कमी केली नव्हती.

मग उंची मोजली. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही कोपऱ्यांवर टेप लावली. काम करण्यापूर्वीची मापं कुणी घेतलेलीच नव्हती, म्हणून ओळखीतली एक मूळ जिमनी शेजारी उभी करावी लागली. ‘५० मिमी’चा संच प्रत्यक्षात पुढे ६८ आणि मागे ६० मिमी उचलत होता. त्या स्प्रिंग पुढे लोखंडी बंपर आणि विंच बसवलेल्या गाडीसाठी होत्या. या गाडीवर त्यातलं काहीच नाही, त्यामुळे स्प्रिंग दबतच नव्हत्या. लिफ्ट किटच्या खोक्यावर लिहिलेली उंची ठरावीक वजन गृहीत धरून असते. वजन नसेल तर गाडी जास्त उचलली जाते आणि आदळतेही. वजनकाट्यावर पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगवेगळा तोलून, दोन माणसं आणि नेहमीच्या सामानासह, ही गोष्ट पक्की केली.

आता कॅस्टर. पुढचं चाक ज्या रेषेभोवती वळतं ती रेषा वरच्या टोकाला किंचित मागे झुकलेली असते, सायकलच्या फोर्कसारखी. या झुकावामुळे चाक आपणहून सरळ व्हायला बघतं. जिमनीचे पुढचे रेडियस आर्म ॲक्सलपासून मागे जाऊन चासिसला मिळतात. चासिस उचलली की आर्मचं पुढचं टोक खाली जातं आणि त्याच्याबरोबर सगळा ॲक्सल पुढे वाकतो. झुकाव कमी होतो. अलाइनमेंटचा जुना कागद काढला तर कॅस्टर शून्याच्या आसपास छापलेला होता. मूळ गाडीशी तुलना केली तर जवळपास तीन अंश गेले होते. जड टायर, बाहेर आलेली रिम आणि कॅस्टर नाही, एवढं जमल्यावर पुलाचा सांधा हे फक्त निमित्त.

उरलेल्या तपासण्या भराभर झाल्या. मडगार्डच्या मधोमध ओळंबा सोडल्यावर पुढचा ॲक्सल ९ मिमी एका बाजूला सरकलेला दिसला. उंची वाढली की लॅटरल रॉड (ॲक्सलला बाजूला सरकू न देणारा आडवा दांडा) तिरका होतो आणि ॲक्सलला बाजूला ओढतो. ॲक्सल पूर्ण लोंबकळत सोडला तर पुढच्या ब्रेकच्या रबरी नळ्या ताणून तारेसारख्या झाल्या होत्या. किंगपिन बेअरिंगला थोडा खेळ आला होता.

पर्याय

पहिला पर्याय, सगळं मूळपदावर नेणं. सर्वांत स्वस्त, कायद्याच्या आणि विम्याच्या दृष्टीने निर्धास्त. पण पोट टेकण्याची अडचण खरी होती, ती तशीच राहिली असती.

दुसरा, २३५ चे टायर ठेवून भूमिती दुरुस्त करणं: कॅस्टर सुधारलेले रेडियस आर्म, दोन्ही लॅटरल रॉड कमी-जास्त करता येणारे, लांब ब्रेक नळ्या, बंप स्टॉप (ॲक्सलला वर अडवणारे रबरी ठोकळे) वाढवणं, सहा इंची योग्य ऑफसेटच्या रिमा आणि पाचवा टायर. हे नीट करता येतं आणि केलं तर गाडी सरळ चालते. पण आणखी लाखभर घालूनही जवळजवळ सहा टक्के उंच झालेलं गिअरिंग तसंच राहतं. १३४ न्यूटन-मीटरच्या इंजिनाला ते ताम्हिणीच्या चढावर जाणवतं आणि उतारावर इंजिन ब्रेकिंगही तेवढंच घटतं.

तिसरा, मूळ रिमवर २१५/७५ आर १५ चे ऑल-टेरेन टायर आणि मूळ स्प्रिंग. व्यास ७०३ मिमी, म्हणजे दीड टक्काच वाढ. लोड इंडेक्स (वजन पेलण्याच्या क्षमतेचा आकडा) १००, मूळच्या ९६ पेक्षा वरचा. साडेपाच इंची रिम या मापाला चालते.

चौथा, तिसऱ्यावर ३० मिमीच्या, कमी वजनाच्या गाडीसाठी बनवलेल्या स्प्रिंग.

कायद्याचा विचारही इथेच झाला, तो पहिल्या फेरीत कुणी केला नव्हता. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करायला मज्जाव करतं आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीत आलेल्या १८२-अ नुसार नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे बदल जितके जास्त तितका धोका मोठा, आणि अपघातानंतर विमा कंपनी हाच मुद्दा पुढे करू शकते. आमच्या मते पर्याय तोलताना ही बाजू खर्चाइतकीच ठळक मांडायला हवी. ३० मिमीच्या स्प्रिंगही या कक्षेबाहेर नाहीत. मालकांना ते स्पष्ट सांगितलं गेलं.

निर्णय आणि त्याचा क्रम

ठरलं ते असं: आधी तिसरा पर्याय, दीड महिना वापर, मग गरज उरली तरच चौथा. एका वेळी एकच बदल केला म्हणजे कशामुळे काय झालं ते कळतं. पहिल्या फेरीत तिन्ही बदल एका दिवसात झाल्यामुळे थरथर रिममुळे, टायरमुळे की स्प्रिंगमुळे, हे ओळखायलाच चार महिने गेले.

मालकांच्या सुदैवाने मूळ स्प्रिंग, शॉकअब्सॉर्बर आणि रिमा घराच्या माळ्यावर होत्या. मड टायर आणि रिमा विकून सुमारे साठ हजार परत आले. पाच नवे टायर घेतले, पाचवा स्टेपनीसाठी. किंगपिन बेअरिंग बदलून शिमने (पातळ चकत्यांनी) ताण बसवला. दारावरच्या पट्टीवरची हवा भरून टायरवर खडूची आडवी रेघ ओढली आणि सरळ रस्त्यावर थोडं चालवलं. रेघ मधोमध आणि कडांना सारखी पुसली जाईपर्यंत हवा दोन-दोन पौंडांनी जुळवली.

थरथर पूर्ण गेली. शेताच्या वाटेवर हवा १८ पौंडांवर आणल्यावर गाडी आधी जिथे रुतली होती त्या दोन्ही जागा पार झाल्या. पण चार माणसं आणि खताची पोती असताना ट्रेलिंग आर्मचं ब्रॅकेट दोन ठिकाणी टेकतच होतं. म्हणून दसऱ्यानंतर ३० मिमीच्या स्प्रिंग घ्यायचं ठरलं, या वेळी खोक्यावरची उंची न बघता वजनकाट्याचे आकडे दाखवून.

काम कसं केलं

चारही कोपऱ्यांची मापं लिहून घेतली. चासिस लोखंडी घोड्यांवर (तिकाट्यांवर), ॲक्सल जॅकवर. स्प्रिंग काढल्यावर नव्या लगेच बसवल्या नाहीत. मोकळा ॲक्सल जॅकने बंप स्टॉपला टेकेपर्यंत वर नेला आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून टायर कुठे लागतो ते पाहिलं. एकदा सरळ, एकदा एक चाक वर आणि एक खाली ठेवून. याच स्थितीत शॉकअब्सॉर्बरचा दांडा अजून थोडा शिल्लक असायला हवा, नाहीतर खड्ड्यात बंप स्टॉपऐवजी शॉकअब्सॉर्बरच ठोकला जातो आणि त्याचं सील फुटतं. मग ॲक्सल पूर्ण खाली सोडून ब्रेकच्या नळ्या आणि एबीएसच्या वायरींचा ताण पाहिला. तीस मिमीला मूळ नळ्या पुरल्या. वायरींच्या क्लिपा मात्र एक भोक खाली आणाव्या लागल्या.

कॅस्टरसाठी रेडियस आर्मच्या ॲक्सलकडच्या टोकांत मध्यापासून बाजूला भोक असलेले बुश घातले. हे प्रेसवरच दाबावे लागतात आणि त्यांची दिशा दोन्ही आर्ममध्ये तंतोतंत सारखी हवी. एक जरी फिरला तर दोन्ही आर्म ॲक्सलला उलट दिशांनी पिळतात. म्हणून जुना बुश काढण्याआधी आर्मवर पांढऱ्या रंगाची खूण केली.

एक पायरी पुण्यातल्या चांगल्या वर्कशॉपमध्येही वगळली जाते. आर्म आणि लॅटरल रॉडचे बोल्ट हवेत लटकलेल्या गाडीला कायमचे आवळायचे नसतात. हाताने बसवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोन-चारदा दाबून बसू द्यायची आणि मग टॉर्क पान्याने आवळायचे. हवेत आवळले तर गाडी खाली आल्यावर रबरी बुश कायम पिळलेले राहतात आणि काही महिन्यांत फाटतात.

शेवटी ड्रॅग लिंकने (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याने) स्टिअरिंग मधोमध आणलं. चाक सरळ असताना स्टिअरिंग तिरकं राहिलं तर ईएसपीला (गाडीची घसरण रोखणाऱ्या इलेक्ट्रॉनिक प्रणालीला) गाडी वळते आहे असं वाटतं आणि ती विनाकारण ब्रेक लावू शकते. टो जुळवला, हेडलाइटचा झोत खाली आणला, आणि ५०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासले. दोन बोल्ट थोडे फिरले.

परिणाम

प्रत्यक्ष उंची पुढे ३३, मागे ३१ मिमी वाढली. कॅस्टर मूळच्या अर्ध्या अंशाच्या आत आला. ताशी ९० ला तोच सांधा ओलांडताना स्टिअरिंग शांत. मायलेज साडेतेरा. पोटाखाली टायरसह पस्तीसेक मिमी जास्त मिळाले. ब्रॅकेट आता एकाच दगडावर टेकतं, तेही चार माणसं असतानाच. पत्नी पुन्हा गाडी चालवतात. आईंचं स्टूल गेलं, दाराच्या खांबाला धरायची मूठ लावली.

पहिल्या फेरीतून परत आलेले साठ हजार वजा जाता एकूण खर्च सव्वादोन लाखांच्या आसपास गेला. आधीच तिसरा-चौथा पर्याय घेतला असता तर साधारण निम्म्यात भागलं असतं.

वेगळं काय करता आलं असतं

अलाइनमेंटचा पहिला कागद वाचला असता तर बाकीच्या दोन फेऱ्या आणि कडक डॅम्परचा खर्च टळला असता. कामाच्या आदल्या दिवशी चार कोपऱ्यांची मापं आणि कॅस्टरचा कागद मालकांनी मागायला हवा होता. कोणतंही वर्कशॉप ते पंधरा मिनिटांत देऊ शकतं. रुतल्यानंतरच्या पहिल्याच फेरीत टायरची हवा उतरवून पाहिली असती, तर कदाचित ३० मिमीच्या प्रश्नाशिवाय बाकी काही उरलंच नसतं.

दुसऱ्या फेरीतही एक गोष्ट घाईत झाली. स्प्रिंग बदलताना मागचा लॅटरल रॉड तसाच ठेवला, कारण ३० मिमीला सरक थोडी असते. ओळंब्याने मागचा ॲक्सल आता ४ मिमी बाजूला दिसतो. गाडी चालवताना ते जाणवत नाही, पण डाव्या मागच्या टायरची आतली कडा उजव्यापेक्षा जरा लवकर झिजते आहे. पुढच्या टायर रोटेशनला, पाचव्या चाकासह, ती पुन्हा मोजायची आहे; फरक वाढला तर कमी-जास्त करता येणारा रॉड बसवला जाईल. विमा कंपनीला टायर आणि स्प्रिंगची माहिती देणारं पत्र पाठवलं आहे, उत्तर अजून आलेलं नाही.